धोंडिबाला मी लिहिलेलं पत्र

धोंडिबा पैलवान गेल्याची बातमी त्याच्या मुलीनं, साळूनं, मला शाळेत येऊन सांगितली. मी तिसरीच्या वर्गावर होतो. ती दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावून म्हणाली, "मास्तर, बा गेला." त्याला आता महिना होत आला. एके काळी ज्याचं नाव घेऊन औंढ्यापासून लोणावळ्यापर्यंत पोरं शड्डू ठोकायची, त्याला पोचवायला आम्ही नऊजण होतो.

धोंडिबा आणि मी दोघंही औंढ्याचे, एकाच वयाचे. तालमीत माझं काही जमलं नाही; मी शिकलो, मास्तर झालो. त्यानं मात्र विशीच्या आतच मावळातल्या जत्रा गाजवल्या आणि दक्षिणेकडच्या एका संस्थानिकांनी त्याला पदरी ठेवलं. कुस्ती हाच त्याचा धंदा झाला. दूध, तूप, बदाम, राहायला खोली... आणि सरकार दाखवतील त्या मल्लाशी लढायचं. अशी दहा वर्षं गेली. गावी यायचा तेव्हा त्याचे दोन्ही कान फुटून गोळा झालेले असायचे. त्याची आई ते कान हातात धरून रडायची आणि तो हसायचा.

त्याला लिहिता येत नव्हतं. संस्थानातल्या कुणा कारकुनाकडून तो मला पत्र लिहवून घेई. एका भादव्यात असंच पत्र आलं. मानेतून कळ निघते, उजव्या हाताची बोटं बधिर होतात, आणि दसऱ्याला पंजाबच्या मल्लाशी जोड ठरली आहे. सरकारांना सांगू की तसाच उतरू, तू शिकलेला आहेस, तू सांग... मी तेव्हा तिशीच्या आतला, मित्राच्या नावलौकिकानं फुगलेला. मी लिहिलं, एवढ्या वर्षांचं नाव एका कळेपायी घालवू नकोस. उतर.

तो उतरला. पंजाबी मल्लानं त्याला उचलून मानेवर आपटलं, आणि धोंडिबा आपल्या पायांनी आखाड्याबाहेर आला नाही. चार महिने अंथरुणात काढल्यावर संस्थानानं त्याला फेटा बांधून गावी पाठवलं. उजवा हात नुसता लोंबत होता. मग लोणावळा स्टेशनवर हमाली. हवा खायला आलेल्या लोकांच्या ट्रंका तो डाव्या हातानं डोक्यावर घ्यायचा. पुढं तेही होईना. जीभ जड झाली, माणसांची नावं सुटू लागली. साळू आणि तिचा नवरा त्याच्याजवळच राहिले.

ही सगळी वर्षं मी त्याला आठवड्याला भेटत होतो. त्या पत्राचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि माझी काढायची छाती झाली नाही. काढेन, काढेन म्हणत राहिलो... शेवटी या उन्हाळ्यात गेलो. तो पडवीत बसला होता. मी त्याच्यापुढं बसून सगळं सांगितलं. "धोंडिबा, तुला उतर म्हणून मी लिहिलं होतं. चूक माझी होती."

तो म्हणाला, "कंची कुस्ती?"

आणि त्यानं वाकून जमिनीवरची चिमूटभर माती उचलली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. कुस्ती लागण्याआधी मल्ल एकमेकांना देतात, तशी. मग बसल्या जागी डावा हात पुढं करून तो माझी वाट बघू लागला. मी कोण, हे त्याला कळत नव्हतं. मी समोरचा मल्ल होतो, एवढंच. मला ना माफी मिळाली, ना शिव्या. त्या द्यायला जो हवा होता, तो तिथून कधीच निघून गेला होता.

दहाव्यानंतर साळूकडं गेलो. परसात दोरीवर लाल लंगोट वाळत होता. उन्हानं कडक झाला होता.

"रोज सकाळी धुवायचा," साळू म्हणाली. "घालायचा न्हाई, नुस्ता धुवायचा. माज्यानं काढवत न्हाई, मास्तर. तुमी काढता का?"

मी उठलो, दोरीपर्यंत गेलो... आणि परत येऊन बसलो.