साडूंचा साचा

आमच्या थोरल्या साडूंइतका आधीपासून तयारीत राहणारा माणूस अख्ख्या सोलापुरात झाला नाही, आणि त्या तयारीची माती करणारा माझ्याइतका पटाईत साडूही दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. ते वेबसाइटी बनवायचे. शाळांच्या, चादरीच्या कारखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. पण एकही पान हातानं लिहायचे नाहीत. साचा एकच, त्यात नाव, गाव, फोटो, तारीख यांच्या रिकाम्या जागा. भरायचा मजकूर वेगळ्या यादीत. बटण दाबलं की यंत्र यादी साच्यात ओतून पानं पाडून ठेवायचं. "मानूस बगायला यायच्या आदी पान तयार पायजे, पावणं. तो दारात आल्यावर चूल पेटवायची न्हाय."

पुढे पुढे ते जगायलाही साच्यातच लागले. नातेवाइकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा जानेवारीतच तयार. एकदा मला संदेश आला, "प्रिय नाव, तुमच्यासारखा माणूस विरळा." मी इतका हुरळलो, की अख्ख्या कचेरीला दाखवून झाल्यावर पहिले दोन शब्द वाचले.

समाजाच्या वेबसाइटसाठी तर त्यांनी सगळ्या वडीलधाऱ्यांच्या श्रद्धांजलीची यादी भरून ठेवली होती. फोटो, चार गोड ओळी, सगळं. तारीख तेवढी रिकामी. त्यात स्वतःचंही नाव. अक्का, म्हणजे त्यांची बायको, भडकली. हे शांत. "ऐनवेळी घरच्यांना रडायला मोकळीक नको व्हय?"

मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना मला म्हणाले, "अक्कलकोटच्या मंगल कार्यालयाचा फोन बदललाय. तेवढं एकच पान पाडा. 'सगळी पानं' म्हणून बटण हाय, त्येला हात लावू नका." मला वाटलं, एकापेक्षा सगळी केलेली बरी, साडू खूश होतील. लावला हात. तारीख रिकामी दिसली की यंत्र आपल्या मनानं आजची टाकायचं. समाजातली सतरा माणसं एका दुपारी वारली. सोळा जणांनी मला फोन करून स्वतःच्या तोंडानं शिव्या घातल्या. सतरावे साडू, ते ऑपरेशनच्या टेबलावर होते. मंद्रूपहून त्यांचे चुलते हार घेऊनच आले, आणि तो हार बघून अक्का दवाखान्याच्या दारात मटकन बसली. डॉक्टरांनी आपल्याआधी पावण्यांना कळवलं, असं तिला वाटलं.

साडू शुद्धीवर आल्यावर मी रडत कबुली दिली. ते म्हणाले, "चूक साच्याची हाय की. रिकाम्या जागी यंत्रानं आपल्या मनचं कायबी भरू नये." घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. तारीख नसेल तर आता पानच बनत नाही.

त्यानंतर ते चारच महिने होते.

समाजाचे अध्यक्ष अधूनमधून विचारतात, साडूंचं पान कधी लावणार? मी यादी उघडतो. सगळं त्यांनीच भरलेलं आहे. तारीख मला पाठ आहे. ती न भरताच मी बटण दाबतो. यंत्र जरा थांबतं आणि सांगतं, माहिती अपुरी आहे, पान बनवता येत नाही.

मला बरं वाटतं.