आईचा विणायचा हात

आईच्या किडन्या दमल्यात, आज ना उद्या डायलिसिसवर जावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, आपण विणकाम शिकवणारं ॲप करू. तो कोडिंग करतो, मी स्क्रीनची डिझाइनं करते. इतरांची ॲप करून करून दोघांचेही डोळे आणि डोकं कामातून गेलंय. तो म्हणाला, "विणकाम? हल्ली कोण शिकतंय?" मी म्हटलं, शिकणारे शिकतील, तू फाटे फोडू नकोस. खरं कारण त्यालाही कळलं होतं. आईचे हात चालताहेत तोवर मला ते धरून ठेवायचे होते.

आई देवळाली कॅम्पात वाढली. शेजारी एका फौजीची बायको राहायची, पहाडाकडची. तिनं आईला समोर बसवून दोन सुयांवर विणायला शिकवलं. फौजीची बदली झाली, बाई गेली, विणकाम आईकडे राहिलं. नाशिकच्या थंडीत आमच्या घरात विकतचा स्वेटर कुणी घातला नाही. मलाही तिनं तसंच शिकवलं, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. माझा टाका सुटला की सुईचं बोथट टोक माझ्या टाळूवर. "लक्ष कुठंय बयो तुझं?"

शूटिंगच्या दिवशी ती नवी साडी नेसून बसली.

"अगं आई, फक्त हात दिसणार आहेत."

"मग? हात काय साडीबाहेर राहतात का?"

मोबाइल स्टँडला लावून मी तिच्या खांद्यावरून सगळं टिपलं. शिकणाऱ्याला पडद्यावरचे हात आपलेच वाटावेत म्हणून. ही माझी हुशारी. टाके घालणं, सुलट, उलट, सुटलेला टाका उचलणं, टाके बंद करणं, सगळं झालं. मध्ये मध्ये ती दमायची, पाय सुजलेले असायचे, पण सुया हातात आल्या की बाईसाहेब वेगळ्याच. मी आपली कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होते.

पहिला धडा खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला करून बघायला दिला. पोरगी हौशी. लोकर, सुया घेऊन बसली आणि असा गुंता केला की विचारू नका. शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, काकू डाव्या हातानं विणतात का हो?"

काहीतरीच काय, म्हणायला मी तोंड उघडलं आणि पडद्याकडे बघून तसंच मिटलं. चालती सुई डाव्या हातात होती. इतकी वर्षं मी तिला विणताना बघतेय, पण कायम समोर बसून. तिचा डावा तो माझा उजवा. मला कळणार कसं? बाकी ती जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं, पोळ्या लाटते उजव्यानं.

"त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. त्यानं आरशासारखा सगळा व्हिडिओ फिरवला. डावं ते उजवं. खालची सून त्यावर तासाभरात पट्टी विणून मोकळी झाली. आम्ही खूश होऊन आईला दाखवायला गेलो.

आईनं चष्मा पुसला, बघितलं, पुन्हा बघितलं. "ही कोण? हिचं घड्याळ उजव्या हातात आहे." मी सांगितलं काय केलं ते. ती जावयाशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "जावईबापू, इथंही उजवीच केलीत का मला?"

मग सांगायला लागली. लहानपणी ती पक्की डावरी. जेवायला बसली की तिची आई तिचा डावा हात जुन्या रुमालानं पाठीशी बांधायची. शाळेत डाव्या हातावर पट्टीचा मार. प्रसादाला डावा पुढे केला की चारचौघांत फटका. उजवा शिकला हळूहळू, न शिकून सांगतो कुणाला? पण विणकामातलं घरात कुणालाच ओ की ठो कळत नव्हतं. बरोबर हात कुठला, चुकीचा कुठला, कोण सांगणार? समोर बसलेल्या बाईचं बघत बघत डाव्या हातानं सुई घेतली, आणि कुणी मारलं नाही. "तेवढं एकच माझ्या मनासारखं राहिलं बघ," आई म्हणाली. मला भडभडून आलं. माझी आई डावरी आहे हे मला खालच्या मजल्यावरच्या सुनेकडून कळावं!

उपाय तर साधा होता. समोरून शूट करायचं. मी जशी शिकले तसंच. मग आईचा डावा डावाच राहील आणि शिकणाऱ्यालाही अडणार नाही. नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. आई लगेच तयार झाली, पण तिचं हाताचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून ठेवतात, ते. छोटंसंच असतं म्हणाले. तेवढं उरकून मग निवांत बसू, असं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी औषधांच्या रांगेत होते. वर आले तर तिला आत नेलेलं. बाहेर आणली तेव्हा डाव्या हाताला पट्टी होती.

"आई, डावा का?"

"ज्या हातानं काम कमी, त्यात करतात म्हणे. डॉक्टरांनी नीट विचारलं गं. लिहिता कुठल्या हातानं, जेवता कुठल्या हातानं. मी म्हटलं, उजव्या."

"आणि विणतेस कुठल्या?"

आईनं पट्टीकडे बघितलं. "ते कुठं विचारलं त्यांनी?"

चिडायचं कुणावर? डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. आईनं खोटं सांगितलं नव्हतं. रुमाल बांधणारी तिची आई कधीच देवाघरी गेली. मी जिन्यात जाऊन रडले.

डाव्या हाताची बोटं गार पडली, बधिर झाली. काहींना होतं असं, बघू, म्हणाले. आठवडे गेले, तशीच राहिली. तरी एका दुपारी ती समोरून शूटिंगला बसली, साडी नेसून. लोकर बोटांना लागतच नव्हती. टाके सुटत गेले, तिला कळेपर्यंत निम्मी ओळ खाली. मी कॅमेरा बंद केला.

मग तिनं जे केलं ते अजून माझ्या काळजात रुतलंय. तिनं माझ्याकडून ॲप मागून घेतलं आणि तो फिरवलेला पहिला धडा लावला. स्वतःच्याच हातांकडून उजव्यानं विणायला शिकायला बसली. "ही उजवी बाई फार घाई करते गं. हळू सांग तिला," म्हणायची. मी हळू चालवायचं बटण करून दिलं. एव्हाना डायलिसिस सुरू झालं होतं, ते नसलेल्या दिवशी गॅलरीत ऊन घेत बसायची. चार वाकड्यातिकड्या ओळी झाल्या. मग सुया पिशवीत घातल्या. "जेवण्या-लिहिण्यापुरता शिकला तो. आता या वयात आणखी किती छळू त्याला?"

ॲप बाजारात सोडायच्या आधी मी एक स्क्रीन वाढवली. सगळ्यात पहिली. विणताना सुई कुठल्या हातात घ्यावीशी वाटते? डावा निवडला तर न फिरवलेला, मूळ व्हिडिओ. नवरा म्हणाला, सुरुवातीलाच प्रश्न विचारले की लोक पळतात. मी म्हटलं, पळू देत.

आईला नेऊन दाखवलं. तिनं प्रश्न वाचला. उजव्या अंगठ्यानं 'डावा' दाबलं. पडद्यावर तिचे हात आले, तिचेच, घड्याळ जिथल्या तिथं, सुई भराभर चाललेली. शेवटचा टाका बंद होईपर्यंत ती बघत राहिली. तिचा डावा हात मांडीवर शालीत गुंडाळून ठेवलेला होता.

"किती छान विणायचे गं मी," ती म्हणाली.