मोठ्या मामंजींचं तिकीट

बसमध्ये कंडक्टर व्हायचं हे पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. माझ्या, धाकटीच्या नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात आता सगळे असं बोलतात की धाकटीने हिंमत केली नि थोरली तिच्या मागे मागे गेली.

जाहिरात बचत गटाच्या ग्रुपवर आली होती. शहराच्या बससाठी कंडक्टर पाहिजेत, दहावी पास, बायकांनीही अर्ज करावा. मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानेच मोबाईल वर-खाली केला, दोनदा वाचलं, आणि तव्यावरची भाकरी करपली. शेजारी धाकटी जाऊ कांदा चिरत होती. "काय वाचताय ताई एवढं?" तिने विचारलं, आणि मी मूर्खासारखा मोबाईल तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "अय्या, मी पण भरते!" कांदा चिरता चिरता. जशी काय मी तिला हळदीकुंकवाला बोलावत होते.

आमचं घर भाईंदरजवळच्या राई गावात. एकच लांब ओटा, अर्ध्या भागात आम्ही नि दिरांचा संसार, अर्ध्यात माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे मामंजी, आणि मोठ्या सासूबाई. माझे सासरे गेले तेव्हापासून घरात वडीलधारं माणूस तेच. मी शेजारच्या मुर्ध्याची. लग्न होऊन चौदा वर्षं झाली. आमच्यात सून मोठ्या सासऱ्यांसमोर उभी राहत नाही, तोंड वर करून बोलत नाही. ते ओट्यावर आले की डोक्यावर पदर घ्यायचा नि बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, किंवा मोठ्या सासूबाईंना मोठ्याने सांगायचं, म्हणजे त्यांना ऐकू जातं. चौदा वर्षांत मी त्या माणसाचे पाय जास्त बघितलेत, तोंड कमी.

धाकटी परळची. चार वर्षांपूर्वी आली. पदर तीही घ्यायची, पण कसा, तर केसांना आलेला घाम पुसल्यासारखा.

दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं शाळेतलं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं आणि ते जुनं नाव तिथेच संपलं. नवं नावही कोण घेतं म्हणा! मी सगळ्यांची थोरली. आता फॉर्मवर ते शाळेतलं नाव लिहायचं होतं. ऑफिसमधला माणूस म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेटवर जे आहे तेच चालणार. शर्टावर पट्टी पण त्याच नावाची येणार." खाकी शर्ट आणि त्यावर माझं ते नाव! हसाल तुम्ही, पण मला तेव्हापासून दुसरं काही सुचेना. आंघोळ करताना मी ते नाव स्वतःशी म्हणून बघायचे.

त्यासाठी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तीन खेपा झाल्या. धाकटीने लग्नात नाव बदललंच नव्हतं, तिची एक खेपही झाली नाही. ती उंबऱ्यावर बसून नखांना रंग लावत होती नि मला सांगत होती, "ताई, पाणी पिऊन जा, ऊन आहे." तिने काळजीने सांगितलं असेल. मला ते टोचलं.

मग प्रथमोपचाराचा वर्ग. त्याचं सर्टिफिकेट असल्याशिवाय कंडक्टरचा बिल्ला मिळत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी जोड्या केल्या, आणि आम्ही एका घरच्या म्हणून आमची जोडी. मी धाकटीच्या हाताला झोळी बांधली तर ती सुटली. तिने माझ्या डोक्याला पट्टी बांधली तर बाईंनी मला सगळ्या वर्गातून फिरवलं. "बघा, बँडेज असं पाहिजे!" म्हणजे डोकं माझं आणि शाबासकी तिची. मी पट्टी बांधलेल्या डोक्याने हसत होते, आणि आत नुसता जळफळाट.

पोलीस पडताळणीला हवालदार तिच्याशी हिंदीत गप्पा मारत बसला, तिचा कागद आधी आला. मेडिकलला तिला शेवटची ओळ दिसली, मी शेवटून दुसरीवर अडकले. तोंडी परीक्षेला विचारलं, प्रवासी वाद घालायला लागला तर काय कराल? मी म्हटलं, समजावून सांगेन. तिने काय सांगितलं माहीत नाही, पण आतून तिघांच्याही हसण्याचा आवाज आला. बाहेर बाकावर बसून मी तो आवाज ऐकला. अंगाचा कसा तिळपापड झाला सांगू! बाई गं, नवऱ्यावरून नाही, पोरांवरून नाही, दागिन्यावरून नाही, माणूस नुसत्या एका हसण्यावरून एवढं जळू शकतं हे मला तेव्हा कळलं.

तरी दोघी शेवटपर्यंत पोचलो. मग साहेबांनी दोघींना एकत्र बोलावून सांगितलं की बायकांची एकच जागा उरलीय. उद्या ट्रायल. दोघींनी एक-एक फेरी करायची, चेकर मागच्या सीटवर बसून बघणार, जिची फेरी चांगली तिला घेणार. धाकटीची उत्तनहून भाईंदर स्टेशनला येणारी सकाळची फेरी, ती आमच्या राईला दहाला यायची. माझी स्टेशनहून उत्तनला जाणारी, साडेबाराची.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "ताई, तुम्हीच लागाल बघा, तुम्हाला इथली सगळी माणसं ओळखतात." माझ्या डोक्यात तिचंच वाक्य फिरायला लागलं. सगळी माणसं ओळखतात! मग त्यातलं एक माणूस तिच्या बसमध्ये बसलं तर?

संध्याकाळी मोठे मामंजी ओट्यावर बसले होते. मी डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्या सासूबाईंना म्हटलं, जरा मोठ्यानेच, "मामंजींच्या चष्म्याची दांडी किती दिवस दोऱ्याने बांधलीय! उद्या दहाच्या बसने भाईंदरला गेले तर दुकानात गर्दी नसते. जेवायला तिथल्या लेकीकडे थांबतील, दुपारचं ऊनही टळेल."

सगळं नीट बसवलं होतं मी. धाकटीच्या बसमध्ये मोठे सासरे चढणार. घरात ती कितीही मिरवली तरी त्यांच्यासमोर तिने आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. भर बसमध्ये मोठ्या सासऱ्याकडे पैसे मागायला जीभ उचलेल तिची? ती पुढे सरकणार आणि चेकर बिनतिकिटाचा माणूस पकडणार. आणि मामंजी जेवून, झोपून संध्याकाळी परत येणार, म्हणजे माझ्या साडेबाराच्या बसशी त्यांचा संबंधच नाही. हे सगळं मी डाळीला फोडणी देता देता ठरवलं. फोडणी छान बसली होती, तेही आठवतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला मी स्टेशनजवळच्या स्टॉपवर पोचले तर धाकटी तिथे उभी. फेरी संपवून माझ्यासाठी थांबली होती. मी तिचं तोंड वाचायला गेले, काही कळेना. "कशी झाली गं?" मी विचारलं. "झाली," ती म्हणाली. मग तिने माझ्या खांद्यावरचा मशीनचा पट्टा सरळ केला, बाटली दिली. "पाणी प्या ताई. आणि घाबरू नका, हात नाही थरथरला पाहिजे." मी मनात म्हटलं, गेली हिची. तोंड पडलंय म्हणूनच गोड बोलतेय.

बस भरली. कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन चढल्या, कॉलेजची पोरं, एक बाई गॅसची शेगडी घेऊन. मी पुढून सुरुवात केली. मशीन माझ्या हातात छान चालत होतं, खोटं कशाला बोलू. "पुढे सरका, बोला तिकीट, तुमचं झालं का मावशी?" माझाच आवाज मला आवडत होता. मागच्या सीटवर चेकरसाहेब वहीत काहीतरी लिहीत होते आणि मान डोलवत होते.

मधल्या दाराजवळच्या सीटपाशी आले आणि मला पाय दिसले. काळ्या चपला, उजव्या अंगठ्याजवळ खिळा मारलेली. हे पाय मी कुठेही ओळखले असते.

माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. डोकं झाकलं, मान खाली गेली, आणि पाय, माझे पाय हो, बाजूला होऊन पुढच्या सीटकडे वळले. मी ठरवून काही केलं नाही. ओट्यावर चौदा वर्षं जे करत आले तेच झालं. मागे एक पोरगा उभा होता, त्याला तिकीट दिलं. परत जावं, मागावं, असं मनात आलं. काय म्हणून मागायचं? आयुष्यात त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, तो पहिला शब्द 'तिकीट' म्हणायचा? मुर्धा जवळ येत होतं. म्हटलं राईला उतरतील, कोण बघतंय.

मुर्ध्याच्या स्टॉपला, माझ्याच माहेरच्या दारात, चेकरसाहेब उठले. एकेक तिकीट बघत पुढे आले. "बाबा, तिकीट?"

मामंजींनी मूठ उघडली. आत घडी घातलेली नोट होती, घामाने ओली झालेली. स्टेशनपासून ते ती तशीच हातात धरून बसले होते, मी येईन म्हणून. मी त्यांच्या हाताकडे बघितलंच नव्हतं.

"तिकीट का नाही घेतलं?" साहेबांनी विचारलं.

मामंजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. "माझा डोला लागलेला साहेब. पोरीची चूक न्हाय. मीच झोपलेलो."

साहेबांनी वहीत लिहिलं. ते वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, ओळखीचे आहेत ना? ते कळलं मला. पण तुम्ही त्यांना बघून डोकं झाकलंत आणि पुढे गेलात, हे मी मागून बघितलंय." आणि मग त्यांनी त्या वहीतलं माझं शाळेतलं नाव वाचून मला सांगितलं की फेरी पूर्ण करा. चौदा वर्षांनी बाहेरच्या माणसाने त्या नावाने मला हाक मारली ती अशी.

संध्याकाळी ओट्यावर मामंजी मोठ्या सासूबाईंना सांगत होते, म्हणजे मलाच सांगत होते. लेकीकडे गेलेच नव्हते ते. चष्मा दुरुस्त करून दीड तास स्टेशनातल्या बाकावरच बसून राहिले होते, न जेवता. "एका सुनेच्या बसमधनं गेलू, तर दुसरीच्या बसमधनं नको? तिला वाटंल, म्हातारा धाकटीलाच मान देतो." आणि मग त्यांनी चष्म्याच्या डबीतून एक तिकीट काढून दाखवलं. सकाळचं, धाकटीने फाडलेलं. "ती आली, डोक्यावर ओढणी घेतली नि बोलली, मामंजी, कुठं जायचं? मी बोललू भाईंदर. लगेच दिलंन."

डोक्यावर ओढणीही घेतली आणि तिकीटही मागितलं. दोन्ही एकदम करता येतं हे माझ्या मेलीच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. नोकरीपेक्षा मला त्याचीच जास्त आग झाली. चार वर्षांच्या सुनेने माझीच रीत माझ्याहून चांगली पाळली, वर नोकरीही नेली.

ती लागली. खाकी शर्ट आला, पट्टी आली. सकाळी तिचा डबा मी भरते, कारण ती पाचला उठून तयारी करते आणि तिच्या पोरीला शाळेत मी सोडते. शर्ट दोरीवर वाळत असतो तेव्हा मी पट्टीवरचं नाव वाचते. रोज वाचते. तिचंच असतं.

परवा ती ड्युटीवरून आली आणि पर्समधून फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. पुन्हा भरती निघालीय. "भरा," म्हणाली. "बाकी सगळे कागद तुमचे तयार आहेत. ट्रायलची तेवढी प्रॅक्टिस करा. मामंजींना ओट्यावर बसवू, रोज चार वेळा तिकीट मागायचं त्यांच्याकडे." आणि हसायला लागली.

मी हसले नाही. तिच्या हसण्यात काहीतरी होतं. मी विचारलं, "तुला काय माहीत आहे?"

ती शर्टाची बटणं काढत होती. "त्या दिवशी बसमध्येच सांगितलं त्यांनी. थोरलीनं दहाच्या बसनं जायला सांगितलं, एवढी काळजी हाय तिला माझी, म्हणाले."

म्हणजे स्टॉपवर माझा पट्टा सरळ केला, पाणी दिलं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. "मग तेव्हाच का नाही भांडलीस माझ्याशी?"

"तेव्हा कशी भांडणार ताई?" ती म्हणाली. "तुमची बस बाकी होती ना."

फॉर्म अजून फळीवर, डब्याखाली आहे. शर्टाचं एक वेळ जाऊ दे, तो मलाही मिळेल. पण ते वाक्य माझ्या तोंडातून कधी आलं नसतं, आणि त्यासाठी मी तिच्यावर अजून जळते.