दोन पेट्यांमधला माणूस

नोव्हेंबर लागला की आमच्या चर्चच्या मागच्या दाराशी दोन लाकडी पेट्या ठेवत. एकीवर लिहिलेलं ‘जिवंतांसाठी’, दुसरीवर ‘मृतांसाठी’. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ती नावं मोठ्याने वाचली जात.

वाचायचो मी. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दहा-बारा वर्षं. माझ्या आवाजावर सगळे खूश होते, आणि सर्वांत जास्त खूश मी स्वतः. जिवंतांची नावं अशी घ्यायचो, जणू बक्षीस समारंभ चाललाय. मृतांकडे वळलो की आवाज विहिरीत सोडायचो. पुढच्या बाकावरच्या बायका लगेच पदर डोळ्यांना लावत. एकदा फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, ते आधीच मेलेत. त्यांना आणखी घाबरवू नका."

जिवंतांच्या पेटीत एक चिठ्ठी दर वर्षी हमखास निघायची. ती आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मावशींची असे, आणि नाव त्यांच्या नवऱ्याचं. तो टेम्पो चालवायचा. एका दुपारी घरातून निघून गेला, तो आलाच नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, सिव्हिल हॉस्पिटल झालं. ना माणूस सापडला, ना मरणाची बातमी. त्याची एक लकब होती: विचारात पडला की उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान खाजवायचा. मी नाताळच्या कार्यक्रमात त्याची हुबेहूब नक्कल करायचो, आणि तोच सगळ्यांत जास्त हसायचा.

तो गेल्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी तेव्हा फवारणीचे पंप विकायचो आणि त्या कामासाठी हरसूलला बाजाराच्या दिवशी गेलो होतो. भज्यांच्या गाडीसमोर उभा होतो. समोर, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पोत्यांपलीकडे, एका माणसाने उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान खाजवला.

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्याच्या नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिलं की माझ्या मागे कुणाकडे पाहिलं, कळलं नाही. मी पोती ओलांडून जाईपर्यंत तिथे कुणी नव्हतं. पोतीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "इथं हजार माणूस येतंय, दादा. कुनाकुनाचा कान बघू?"

मावशींना मी हे सांगितलं नाही. इतरांनाही नाही. माझ्यासारख्या माणसाने गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. पण स्वतःला मात्र ती रोज सांगत होतो. स्कूटरवर, आंघोळीला, मिस्सेत गुडघे टेकलेले असतानासुद्धा तो माणूस माझ्यासमोर यायचा आणि दर वेळी थोडा जवळ यायचा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या लावायला बसलो. जिवंतांच्या पेटीत मावशींची चिठ्ठी नव्हती. ती मृतांच्या पेटीत होती. तेच अक्षर, तेच नाव.

वाटलं, चुकून पडली असेल. मग वाटलं, चूक नसली तरी मी बाजारात पाहिलेल्या माणसाला या आवाजात मेलेला म्हणू? मी चिठ्ठी उचलली आणि जिवंतांच्या गठ्ठ्यात सरकवली. रविवारी त्याचं नाव असं खणखणीत घेतलं की पंखेसुद्धा थांबले असावेत. "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," लोक म्हणाले. मावशी बाकावरून उठल्या आणि बाहेर गेल्या.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मशीन बंद होतं.

"ये. नटसम्राट ये," मावशी म्हणाल्या. "चिठ्ठी कुठे टाकायची ते मला वाचता येत नाही, असं वाटलं का तुला?"

"मावशी, मला वाटलं..."

"तो गेला त्या दुपारी खरं तर तीन दिवसांनी घरी आला होता, एका शब्दाने न कळवता. मी दाराला कडी लावली आणि आतून म्हणाले, जिथे होतास तिथेच जा. तो बराच वेळ उभा होता. मला त्याच्या चपला दिसत होत्या, दाराखालून. मग दिसेनाशा झाल्या. दहा वर्षं मी त्याला जिवंत ठेवला. का? तर तो यावा आणि मला माफी मागता यावी. म्हणजे माझ्यासाठीच ना रे? देव त्याच्यावरही दया करील आणि माझ्यावरही, एवढं मानून त्याला सोडायला दहा वर्षं लागली मला. आणि तू एका मिनिटात त्याला परत दारात आणून उभा केलास."

मग मला हरसूलचं सांगावंच लागलं. त्यांनी शिवणाची कात्री बाजूला ठेवली.

"तोच होता? नाटक न करता सांग."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं. कान, चेहरा, कपाळावरची खूण, ओळखीची नजर. आणि त्यातलं बाजारात खरोखर काय दिसलं आणि नंतर स्कूटरवर मी काय जोडलं, हे मला वेगळं करता येईना. आयुष्यभर मीठमसाला लावत आलो, आणि नेमकं त्याच दिवशी नुसती भाजी वाढायला सांगितली होती.

"कान खाजवला, एवढं खरं," मी म्हणालो. "बाकी मला माहीत नाही, मावशी."

त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि परत तेच नाव लिहिलं.

"मृतांमध्ये वाच."

"आणि असला तर जिवंत?"

"माझ्या हातून सुटला तो. देवाच्या हातून कसा सुटेल? असेल तिथे असेल त्याच्या हातात. वाच तू. आणि विहिरीतून नको, नीट वाच."

पुढच्या रविवारी मी ते नाव साध्या आवाजात वाचलं, दूधवाल्याला सांगावं तसं. मावशींचा प्रतिसाद बाकीच्यांच्या आधी आला. त्या दिवसापासून त्या पूर्वीसारख्या झोपू लागल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

माझं तसं झालं नाही. नंतरही हरसूलला अनेकदा गेलो आणि भजी घेऊन त्याच जागी उभा राहिलो. तो जिवंत असेल, तर त्याला मी माझ्या तोंडाने मेलेला म्हटलं, याची माफी देवाकडे मागायची, हे मावशींनी दाखवलंय. पण जिवंत नसेल, तर पोत्यांपलीकडून माझ्याकडे कोणी पाहिलं, हे मला कुणी विचारू नये.