पुलावर उतरायचं नाही

मागच्या वर्षीची गोष्ट, पण आठवलं की अजून माझे हात हँडलवर घट्ट होतात. बोईसरला मामाकडे राहायला आलो, वीजघराच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायची नोकरी लागली. जायला सायकल. रस्ता एकच, आणि त्यावर दिवसभर डंपर! मध्ये एक अरुंद पूल. डंपर आणि सायकल कशीबशी मावायची, म्हणून सायकलवाल्यांना नियम होता: डावीकडून एका रांगेत जायचं आणि पुलावर उतरायचं नाही. तीनदा उतरलेले दिसलात की पुलावरचा शिपाई सायकलच्या परवान्याचा बिल्ला काढून घेणार. बिल्ला नाही तर सायकल नाही, आणि चालत गेलं तर हजेरी हुकणार, म्हणजे नोकरी गेलीच.

शिपायाच्या वहीत माझ्या नावावर दोन खुणा लागल्या होत्या. कारण मामा! तो पुलापलीकडे एका गोदामावर रात्रपाळीची राखण करायचा आणि सकाळी चालत परतायचा, तो नेमका पुलावर भेटायचा. आमच्या साताऱ्याकडे वडीलधारं माणूस चालत आलं की सायकलवरून उतरायचं, हे अंगातच मुरलेलं. पाय आपोआप खाली! दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा मागून डंपर केवढ्यांदा कोकलला. टोपली घेऊन चाललेली दांडी गावची मावशी म्हणाली, "उतरतोस कशाला रं? त्यो डंपर पन तुजा मामा हाय काय?"

मग मी लवकर निघून पाहिलं. त्या दिवशी मामाही लवकर सुटलेला, शिपाई तेवढा अजून आला नव्हता. उशिरा निघावं तर हजेरी. मामाला सांगावं तर त्याच्याच घरात जेवतोय, आणि शेजारचा पोरगा न उतरता तसाच पुढे गेला म्हणून मामा त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता.

मग एके दिवशी पुढे वही घेतलेला शिपाई, मागे डंपर, बाजूला कठडा आणि समोरून मामा. मी उतरलो नाही. मान खाली घातली आणि पायडल मारत त्याच्या शेजारून गेलो. तो कठड्याला चिकटून उभा राहिला, एवढंच दिसलं.

दिवसभर हजेरीत नावं चुकत होती. रात्री मामा जेवून कामावर जायला उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "काय नियम हाय तुमचा, सांग बघू."

मी एका दमात सांगितला. बिल्ल्याचं, दोन खुणांचं, सगळं.

तो म्हणाला, "आधी बोलायचं न्हाई व्हय? मी पुलाच्या अलीकडं थांबतो. तितं उतर."

आता तो रोज थांबतो. मी पोचेपर्यंत हलत नाही. मी उतरतो, मग तो विचारतो, आईला पत्र टाकलंस का, न्याहरी केलीस का, टायरमध्ये हवा कमी का दिसते. शेवटी जा म्हणतो, तेव्हा कुठे मला पायडलवर पाय ठेवता येतो. बिल्ला शाबूत आहे, पण हजेरीला रोज धापा टाकतच पोचतो.