श्यामलाकाकूंचा खर्ज

आमच्या शेजारच्या श्यामलाकाकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. नाशिकच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी बिघाड शोधले. केबलमध्ये पाणी शिरलंय की उंदरानं वायर कुरतडलीय, हे त्या नुसत्या खरखरीवरून सांगत.

निवृत्तीनंतर त्यांनी जुना अँप्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर घेतले. रोज अकरा ते एक पखवाज ऐकायचा. त्यांचे वडील त्र्यंबकेश्वरला पखवाज वाजवत. डाव्या तोंडाला कणीक लावून मारलेली थाप लहान स्पीकरमधून नीट येत नाही, ही काकूंची एकच तक्रार. ती फोनवर ऐकून ऐकून मुलानं, धवलनं, पुण्याहून सबवूफर पाठवला. सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर.

जोडायला दुकानातून अश्विन आला. अँप्लिफायर जुना, त्याला सबवूफरसाठी वेगळी जागा नव्हती. अश्विननं टेपरेकॉर्डरसाठी असलेल्या भोकांत वायर खुपसली आणि सबवूफरचं बटण पूर्ण फिरवलं. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"बघा काकू, काय बेस आहे."

काकूंनी अँप्लिफायरचा आवाज कमी केला. स्पीकर हळू झाले. सबवूफर मात्र तसाच घुमत राहिला.

"हा माझं ऐकत नाहीये," काकू म्हणाल्या. "टेपला जाणारा आवाज व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच वेगळा निघतो. स्पीकर जिथे जोडलेत, तिथूनच वायर घे. याला मागे तशी सोय दिलीय."

"मग स्पीकरचा आवाज पडेल ना?"

"नाही पडत. याला स्वतःची वीज आहे. हा फक्त ऐकतो, ओढत काही नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही चालू लाइनला असाच कान लावायचो. बोलणाऱ्याला पत्ता नसायचा."

अश्विननं सगळं बंद करून वायर बदलली. आता बटण फिरवलं की दोन स्पीकर आणि सबवूफर, तिघांचा आवाज एकदम वरखाली व्हायला लागला. तरी कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर घुमतच होता.

दुसऱ्या दिवशी मी विरजण मागायला गेले, तेव्हा सबवूफर काकूंच्या खुर्चीत बसला होता आणि काकू गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं चालल्या होत्या. त्यांचे यजमान ढुंढिराजकाका सोफ्यावर पेपर वाचत होते.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"जागा शोधतेय ती," काका म्हणाले. "तो तिच्या जागी, ती त्याच्या जागी. जिथे तिला नीट ऐकू येईल तिथे त्याला ठेवायचा."

नीट ऐकू आलं ते देवघराशेजारी. काकांनी पेपर खाली ठेवला. अर्धा तास बोलणी झाली आणि ताम्हण-पळी खर्जानं खडखडू नये म्हणून खाली फडक्याची घडी घालून प्रश्न सुटला. मग काकूंनी सबवूफरला वरचे सूर वाजवायला बंदी केली, तो साठ-सत्तर हर्ट्झच्या खालचाच खर्ज घेईल इतकं बटण मागे आणलं. आवाज इतका कमी ठेवला की काकांनी विचारलं, "चालू आहे का तो?"

"आहे."

"मला त्यातून काही येताना ऐकू येत नाही."

"मग बरोबर लागलाय. आवाज स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटला पाहिजे."

त्या दिवशी त्या एकऐवजी दोनला उठल्या. काकांनी आपणहून पिठलं टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी अश्विन पुन्हा आला. चांदवडला एका कांदा व्यापाऱ्याच्या हॉलमध्ये त्यानं सबवूफर लावला होता, तो नुसता गुरगुरत होता. "तुम्ही येता का?" काकू गेल्या. सबवूफर सोफ्यावर चढवला, पदर खोचला आणि रांगायला बसल्या. घरातली माणसं बघत उभी राहिली. दाराजवळ व्यापाऱ्याची आई सिंधुबाई सुपात लसूण सोलत बसली होती. काकू तिच्याजवळ पोचल्या तशी ती म्हणाली, "बाई, तिकडं नुसतं घुमतंय. हितं लय बरं ऐकू येतंय."

काकू तिच्या शेजारी बसल्या, डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं.

"यांचं बरोबर आहे," त्या अश्विनला म्हणाल्या. "इथेच ठेव."

सिंधुबाई लसणाचं सूप उचलून हातभर बाजूला सरकली.