चमचाभर निळा

रंगाच्या टाकीतून काढलेला ओला तुकडा मास्तर वाफेच्या तापलेल्या पाइपावर थापायचे, तेही उघड्या तळव्याने. चर्र आवाज व्हायचा. "वला कपडा खोटं बोलस," म्हणायचे आणि तुकडा वाळेपर्यंत हात काढायचे नाहीत. आम्हीच डोळे मिटून घ्यायचो.

पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये नमुन्याशी रंगाची शेड जुळवणारा हा माणूस अमळनेरकडचा, सातवी नापास. शाळेत खाल्लेला सगळा मार बहुधा आम्हाला वाटून टाकत होते. एकदा पदवीवाला केमिस्ट म्हणाला, "पुस्तकात असंच लिहिलंय." त्याचं पुस्तक उकळत्या टाकीत गेलं. मागोमाग तोही गेला असता, पण आम्ही चौघांनी मास्तरांना कमरेला धरून ओढलं. एका ठेकेदाराचं तर त्यांनी बादलीने नाक फोडलं होतं. तुम्ही म्हणाल, असल्या माणसाजवळ तू थांबलास कशाला?

मी धुळ्याला बी.ए.च्या पहिल्याच वर्षी दोनदा आपटून राज्याच्या सीमेपलीकडे डिंडोलीला मावशीकडे येऊन मिलमध्ये लागलो होतो. गावात कुणी माझी चौकशी केली की आई विषय बदलायची. मास्तरांनी मला रंग तोलायला बसवलं. रोज सकाळी दारातल्या उजेडात दोन मरून रंगाचे तुकडे धरायचे. "फरक सांग." चुकलं की कानाखाली. आठव्या दिवशी मला एकातला तपकिरी दिसला. मास्तरांनी आपल्या डब्यातली कळण्याची अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. मला रडू आलं. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं!

पुढे चारेक वर्षांनी मास्तरांच्या शेडमध्ये निळा जास्त पडायला लागला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, निळा त्यांना फिका दिसायचा. हे मला कळलं, त्यांना नाही. मी त्यांनी सांगितलेल्या वजनाने निळा तोलायचो आणि मशीनवर देताना गुपचूप चमचाभर कमी करायचो. माल बरोबर यायचा, मास्तर मिशीत हसायचे. सहा महिने असंच चाललं.

एक दिवस मला यायला उशीर झाला. सगळ्यांदेखत त्यांनी मला भिंतीवर ढकललं. "कॉलेजमा नापास, आठे बी नापास!" इथेही नापास, हे शब्द मला झोंबले. त्या दिवशी मी चमचा उचललाच नाही. लग्नसराईच्या साड्यांचा जांभळा चक्क निळा होऊन बाहेर आला, आणि मी ओरडलो, "मास्तर, तुम्हाला दिसत नाही!"

त्यांनी टाकी ढवळायचा दांडा माझ्या हातावर घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग ते नमुना आणि माल घेऊन दारात गेले. दोन्ही उजेडात धरले. एकेकाला विचारलं, "निळा शे का?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेताना त्यांनी विचारलं, "किती दिन व्हयनात?"

"सहा महिने," म्हणालो. चमच्याचंही सांगितलं. मोडलेल्या हातापेक्षा सगळ्यांदेखत तोंड उघडल्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मला मिलच्या गुजराती शेठच्या केबिनमध्ये उभं करून ते म्हणाले, "छ महिनाथी शेड आ काढे छे. हुं नहीं. मारी जग्या आने आपो." शेड मी काढतोय, त्यांची जागा मला द्या, असं ते सांगत होते.

शेठ चपापला. "डिग्री वगर?"

"मारी पासे कई हती?" डिग्री मास्तरांकडे तरी कुठे होती!

शेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि होकाराची मान हलवली. मास्तरांनी वळून माझ्या थोबाडीत अशी दिली की शेठ खुर्चीतून उठला.

"सहा महिना गप्प ऱ्हायना ना, त्यान्ही शे ही!"

त्यांच्या हातचा इतका मार खाल्ला, पण पटली ती ही एकच. गाल धरून मी मागे धावलो तोवर ते फाटकाबाहेर पडले होते, आणि रस्ता ओलांडायला कुणा अनोळखी माणसाचा हात धरत होते.